हबला रंग लावू नका

एकाहत्तरच्या लढाईनंतर माझी बदली नागपूरच्या एका डेपोत झाली. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. आघाडीवर गाड्यांना चिखल लागत असे. इथे रंग लागे. शांततेच्या काळात फौज काय करते, असे लोक मला विचारतात. ती इन्स्पेक्शनची तयारी करते.

जीपमागे जोडायचा एक दोन चाकी ट्रेलर आमच्याकडे होता. आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा त्याची नोकरी जुनी. त्याच्या चाकांचे दोन्ही हब, म्हणजे मधले तुंबे, झिजले होते आणि बेअरिंग आत सैल फिरत होते. माझा फिटर लान्स नाईक दादाराव, सावनेरचा. आम्ही दोघांनी जुने हब उतरवले, आस रॉकेलने धुतला, नव्या हबमध्ये नवे बेअरिंग बसवून ग्रीस भरले. काम चोख झाले. फक्त एक गोष्ट बाकी होती, जी नागपूरजवळच्या वाडी गावातल्या कुठल्याही ट्रकवाल्याला ठाऊक असते. हब बदलला की चाक थोडे चालवायचे, थांबायचे आणि नट पुन्हा आवळायचे.

तेवढ्यात ब्रिगेडिअर येणार असल्याची बातमी आली. मेजरसाहेबांचा हुकूम सुटला : सगळे हब लाल, सगळे नट पांढरे. रंगवणाऱ्या पार्टीने चाके चढवण्याआधीच हबच्या तोंडावर आणि ज्या स्टडवर नट बसतात त्यांच्या आट्यांवर ब्रश फिरवला, आणि ओल्या रंगावरच नट आवळले. असा रंग दाबाखाली चुरतो आणि नट सैल पडतो. मी ऑफिसात जाऊन सॅल्यूट ठोकला.

"सर, ट्रेलर के नट दोबारा टाइट करने पडेंगे."

"इन्स्पेक्शन के बाद."

"तो सर, तब तक ट्रेलर रोड पर न जाए."

"स्पॅनर लगेगा तो रंग उखडेगा, हवालदार. दॅट्स ऑल."

व्हील स्पॅनर टूल रूममध्ये गेले आणि टूल रूमला कुलूप लागले. दादारावला हे कळले तेव्हा तो हसला.

"चाक हाय का नवरदेव, जी? हळद लावून बसवलं, आता हात नाई लावाचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शामियान्यात एक उणीव निघाली. ब्रिगेडिअरसाहेबांना बसायला मखमली सोफा हवा होता आणि तो वाडीच्या एका गोदामात होता. ट्रक रांगेत उभे, टायरांना काळे पॉलिश झालेले. ते हलवायचे नाहीत. ट्रेलर मागच्या रांगेत होता, म्हणून तो जाणार. सोफ्याला ओरखडा पडू नये म्हणून त्याला धरून एक माणूस ट्रेलरमध्ये बसणार. ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, असा स्टँडिंग ऑर्डर होता. पण तो ऑर्डर मखमलीसाठी लिहिलेला नसावा.

बसायला दादाराव नेमला गेला.

"हळद लागल्यावर नवरदेवाले घराबाहेर काढत नाई, जी," तो म्हणाला. "अन् आपण याले वाडीले पाठवून राहिलो."

"थांब. मी साहेबांना पुन्हा विचारतो."

मेजरसाहेब सलामीची रिहर्सल घेत होते. रिहर्सल मोडता येत नाही. मी परतलो तोवर जीप गेटबाहेर पडली होती.

वाडीहून परतताना अमरावती रोडवर जीपच्या ड्रायव्हरने एक चाक आपल्याला ओव्हरटेक करून पुढे जाताना पाहिले. हब लाल होता. ते आपलेच चाक आहे हे कळेपर्यंत मागे ट्रेलर उलटला होता. दादाराव खाली सापडला. हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही.

सोफ्याला फारसे लागले नव्हते. तो पुसून शामियान्यात ठेवला. ब्रिगेडिअरसाहेब त्यावर बसले, चहा प्यायले आणि गाड्यांचा टर्नआउट उत्तम आहे असे म्हणाले. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. रंगाबद्दलची माझी साक्ष विषयाला धरून नाही असे ठरले. निष्कर्ष निघाला : फिटरचा निष्काळजीपणा. फिटर म्हणजे दादाराव. उलट बोलायला तो नव्हता, त्यामुळे निष्कर्ष सर्वांना सोयीचा पडला.

त्याची ट्रंक घेऊन मी सावनेरला गेलो. वडिलांनी ट्रंक उघडली नाही. तिच्यावर हात ठेवून बसले.

"लढाईतून तर साबूत आला होता जी पोरगा," ते म्हणाले. "मंग वाडीले कोणासंग लढाई होती?"

आमचे साहेब तिथे हवे होते. उत्तर देण्याची जबाबदारी त्यांची होती.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात दरवर्षी शहिदांची नावे वाचतात. सगळे उभे राहतात. अपघातात गेलेला माणूस नियमाने शहीद नसतो, म्हणून दादारावचे नाव येत नाही. नावे संपतात, लोक बसतात. मी उभाच असतो. मागून कोणीतरी सदरा ओढतो.

"बसा ना हवालदारसाहेब, झालं."

"नाही झालं," मी म्हणतो, आणि स्टेजपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव घेतो.