रेडिएटरवरचा हार

झेंडू कुस्करल्याचा वास आला की मला चाकणचा माळ आठवतो. पंचावन्न-छप्पन साल असेल, हौशी लोकांनी तिथं शनिवार-रविवार मोटारींच्या शर्यती भरवल्या होत्या. दादानं आपली गाडी चिंचवडच्या गॅरेजात दोन भंगार गाड्यांतून जुळवलेली. इंजिन तापू नये म्हणून बॉनेटसुद्धा काढून टाकलेलं. शनिवारी पुण्याच्या साहेबलोकांच्या झकपक गाड्या मागं टाकून तो पहिला आला, आणि मी घसा बसेपर्यंत ओरडले. रविवारी शेवटच्या शर्यतीआधी मी रेडिएटरच्या टोपणाला हार बांधायला गेले. "कशाला गं?" म्हणाला, मग माझं तोंड बघून, "बरं, बांध." वाऱ्यानं तुटू नये म्हणून हार मी परकराच्या लाल नाडीत ओवला होता. शेवटच्या फेरीला दादा पुढं होता, आणि एकाएकी त्याच्या गाडीतून वाफेचा लोट उठला. बाकीच्या गाड्या त्याच्या बाजूनं निघून गेल्या. "पंख्याचा पट्टा तुटला, जुनाच होता," एवढंच तो सगळ्यांना सांगत राहिला. सोमवारी त्याची पँट धुताना खिशात माझी नाडी सापडली, तेलानं काळी झालेली, पट्ट्याच्या तुकड्याला करकचून गुंडाळलेली. मी ती चुलीत टाकली. महिन्याभरात त्यानं गाडी विकली. तो कधी बोलला नाही, मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला दादाच उरला नाही. दसऱ्याला नातू हाक मारतो, "आजी, गाडीला हार तू बांध." मी गुडघे दुखतात म्हणून सांगते.