मामीचं पॅकिंग

शाळेला निघायच्या गडबडीत फोन आला. उमरग्याहून लांबचे एक नातेवाईक बोलत होते. "शरणाप्पा मिस्त्रींच्या मंडळी लिंगैक्य झाल्या," ते म्हणाले, म्हणजे वारल्या. मी विचारलं, "कोण?" तर म्हणाले, "अहो, तुमच्या मामी." मला कळलं नव्हतं अशातला भाग नाही. मला त्यांच्या तोंडून नाव ऐकायचं होतं. नीलम्मा. तीन अक्षरं... तीही त्यांना काढता आली नाहीत. रडू मागाहून आलं, आधी राग आला, आणि येरमाळ्याहून उमरग्यापर्यंत तो माझ्या शेजारच्या सीटवर बसून होता. चौकात पोचले तर फ्लेक्स लागलेला. 'शरणाप्पा मिस्त्री यांच्या धर्मपत्नी' हे हातभर अक्षरांत, आणि मामीचं नाव खाली मुंगीएवढं.

आता तीन आठवडे झाले आहेत, मातीही बसली असेल. "गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढतेस?" असं घरातले म्हणतात. मी काढणार. हायवेवरच्या त्यांच्या गॅरेजात पस्तीस वर्षं गाड्यांची जी गळती थांबली, ती मामांच्या हातानं नाही, मामीच्या हातानं थांबली. हे गावात सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच बोललं नाही, म्हणून हा लेख.

इंजिनाच्या पोटाखाली ऑइल साठवणारं जे पसरट भांडं असतं, त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. ते इंजिनाला जिथं जोडलेलं असतं, त्या सांध्यातून ऑइल ठिबकतं. तिथं पॅकिंग, म्हणजे काठाच्या मापाचा जाड कागद, घालून, पातळसं सिलिकॉन लावून ते बंद करायचं, एवढंच काम. पण भले भले त्यात हरतात. मामा मूळचे नामी मिस्त्री, यात शंका नाही. पण जॅक सटकून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली, आणि नाजूक काम त्यांच्या हातून गेलं. मामी तोवर ब्लाउज शिवायची. तिनं शिलाई मशिनीवरची कात्री उचलली आणि गॅरेजात आली. चेंबरच्या काठावर पॅकिंगचा कागद ठेवून छोट्या हातोडीनं टकटक करत गेलं की काठ कागदावर उमटतो. मग मामी गळ्याचा आकार कापावा तशी तो कापायची. प्रत्येक गाडीचा एक नमुना ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवायची आणि त्यावर कानडीत गाडीचं नाव लिहायची. ती आळंदकडची, तिची शाळा कानडी. मामा कानडी बोलायचे फडाफडा, पण अक्षर वाचता येत नव्हतं. त्यामुळं त्या भिंतीची किल्ली एकट्या मामीकडं होती, आणि तिला ते मनातून आवडायचं, हे मी पैजेवर सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी गेले की त्याच भिंतीखाली पोत्यावर बसून असायची. मामा बोल्ट आवळायला घ्यायचे आणि गाडीखालून मामीचा आवाज यायचा, "निधान री, निधान!" मला कानडीचा गंध नव्हता. मला वाटायचं, मामी मामांना लाडानं निधान म्हणते, म्हणजे ठेवा, खजिना! मी आईला लाजत लाजत सांगितलं, तर आई पोट धरून हसली. कानडीत निधान म्हणजे हळू, सावकाश. आणि 'री' हे नवऱ्याला आदरानं. गळतंय म्हटल्यावर माणूस जीव खाऊन बोल्ट आवळतो, तिथंच चुकतो. जास्त आवळलं की चेंबरचा काठ वाकतो, पॅकिंग पिळवटतं आणि ऑइल दुप्पट जोरानं बाहेर येतं. सिलिकॉन ढीगभर चोपडलं तर त्याचे तुकडे आत पडून ऑइलची जाळी तुंबते. मामी पहिले सगळे बोल्ट बोटांनीच बसवायची, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळायची. "आवळायचं न्हाय, बसवायचं," ती म्हणायची.

एकदा एका पुढाऱ्याची जीप आली. लग्नाला निघालेलं वऱ्हाड, सगळे कडक इस्त्रीत. मामीनं चेंबर बसवलं आणि सिलिकॉन वाळेपर्यंत ऑइल भरणार नाही म्हणाली. पुढारी तिच्याकडं न बघताच मामांना म्हणाले, "मिस्त्री, बाईला आवरा." मामीनं काय करावं? जीपची चावी काढली आणि कमरेला खोचली. "गाडी तुमची हाय, पॅकिंग माजं हाय. वाळल्याबिगर जाणार न्हाय." मुहूर्त टळायची वेळ आली तशी वऱ्हाड ट्रॅक्टरमधून गेलं. संध्याकाळी जीप न्यायला माणूस आला. जीपखाली मामीनं अंथरलेला पुठ्ठा त्यानं वाकून पाहिला, एक डाग नव्हता. आणि तो म्हणाला काय, "मिस्त्री, तुमच्या हाताला तोड न्हाय बगा." मामा चहा पीत बसले.

मी तेव्हा कॉलेजात होते, डोकं गरम. मामांशी भांडले. ते म्हणाले, "लोकाला काय करायचंय गं... चेंबर सुकं हाय न्हवं?" मग मामीला विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही? ती रॉकेलनं हात धूत होती. म्हणाली, "नीलम्माला काय वाटत न्हाय, आसं कुणाला सांगू नको. वाटतं. लई वाटतं." आणि परत गाडीखाली गेली. मामी सोशिक होती, असं परवा दुखवट्याला आलेल्या चार बायका म्हणाल्या. सोशिक नव्हती. तिचे हात कामात होते, एवढंच.

गेल्या रविवारी गॅरेजात गेले तर मामांचा पुतण्या भिंतीवरची पॅकिंगं काढत होता. "आता तयार मिळत्यात, घालू भंगारात." मी म्हटलं, "हात लावून बघ." तो हसला, पण खाली उतरला. मामा खुर्चीत मान घालून बसले होते. तेवढ्यात बसवकल्याणकडची एक जुनी गाडी आत आली. "मिस्त्री, चेंबर गळायलंय," मालक म्हणाला, "मागच्या गाडीचं तुमीच बसवलं हुतं, थेंब पडला न्हाय."

मामा उठले. मालकाला त्यांनी भिंतीपुढं उभं केलं. "कानडी वाचता येतंय न्हवं? ह्यातलं तुमच्या गाडीचं कोणचं, वाचून सांगा. मला येत न्हाय." त्यानं शोधून एक नमुना काढला. गाडीचं नाव वाचलं, त्याखालचा शब्दही वाचला आणि हसला. "निधान लिवलंय की हितं! कुणी लिवलं ओ?"

"मिस्त्रीनं."

"म्हंजे तुमीच की."

"म्या न्हाय." मामांनी चेचलेल्या बोटांनी तो कागद त्याच्या हातातून घेतला. "म्या हेल्पर हुतो... मिस्त्री गेली."

गेली. मी बावीस वर्षं मराठी शिकवते, लिंग आणि क्रियापद पोरांकडून घोकून घेते. 'मिस्त्री' या शब्दापुढं हे क्रियापद मी पहिल्यांदा ऐकलं. मामा, उशीर केलात. फार उशीर केलात. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि तरीही त्या क्षणी तुमचे पाय धरावेसे वाटले.

मग मामांनी नमुना कागदावर दाबून धरला आणि मी मामीच्या कात्रीनं पॅकिंग कापलं. बोल्ट मीच बसवले, साडीचा पदर खोचून, गाडीखाली उताणी पडून. वरून मामा सांगत होते, "निधान, निधान." बाहेर आले तर मालक घड्याळ बघत उभा. "बसलं न्हवं? मग भरा की ऑइल, मला लांब जायचंय."

मी आधी पुठ्ठा अंथरला. मग गाडीची चावी काढली आणि कमरेला खोचली.