ताऱ्याच्या लक्षात येईल

जो तारा कुणी पाहिलेला नाही, जो कदाचित नसेलच, त्याच्यातली चूक जाहीर करण्यासाठी तुम्ही स्वतःचं नाव पणाला लावाल? माझ्या सुमनआत्यानं लावलं. गेल्या महिन्यात ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी उलव्यात खाडीतल्या भरावाविरुद्ध पत्रकं वाटत होते. गठ्ठा हातात तसाच धरून करंजाड्याला तिच्या घरी पोचले…

आमच्या घरात पत्रकं धान्यासारखी यायची. बाबा आंदोलनातले, म्हणून मीही प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारत मोठी झाले: याचा लोकांना उपयोग काय? मिठागरावरच्या घरातून शिकून गणिताची प्राध्यापक झालेल्या आत्यालाही तो विचारला. ती कागदावर तारे बांधायची. सूर्याहून जड, पण पनवेलला सुरू होऊन आपटा गावाच्या थोडं पलीकडे, वीसेक किलोमीटरांत संपेल एवढाच गोळा. त्याच्या पोटात काय असेल, कुणालाच नक्की ठाऊक नाही. मग एखादा विचित्र पदार्थ कल्पायचा, सापेक्षतेची समीकरणं सोडवून त्याचा तारा करायचा, आणि तो मोडतो का ते पाहायचं.

"उपयोग नंतर. आधी उभा राहतो का बघ," ती म्हणायची. माझी पत्रकंही ती तशीच वाचायची.

"संपूर्ण खाडी मेली, असं लिहिलंयस. बघितलीस संपूर्ण?"

"सगळ्यांना माहीत आहे, आत्या!"

"मग सगळ्यांना वाटतेस कशाला?"

मी तणतणत निघाले, पण दुसऱ्या दिवशी खाडीवर गेले. एका कोपऱ्यात कोळंबी अजून जिवंत होती. 'एवढीच उरली आहे' असं लिहिलं, आणि पत्रक जास्त झोंबलं.

आत्याचं आजारपण सुरू झालं तेव्हा तिची शेवटची विद्यार्थिनी शबाना प्रबंध संपवत होती. त्यातलं मुख्य प्रकरण दोघींच्या छापून आलेल्या लेखातल्या एका ताऱ्यावर उभं होतं. त्या ताऱ्यात बाहेरच्या दिशेचा दाब वेगळा आणि आडवा दाब वेगळा. पण अगदी केंद्रात दोन्ही सारखे व्हायलाच हवेत. तिथे बाहेर आणि आडवं असा भेदच उरत नाही. केंद्रात शून्यानं भागावं लागतं आणि संगणक कुरकुरतो, म्हणून दोघींनी आलेख केंद्रापासून किंचित बाजूला सुरू केला होता. या कामात सगळेच तसं करतात. पलंगावर बसून आत्यानं केंद्रातलं उत्तर हातानं काढलं. दाब सारखे नव्हते.

मी तिथेच होते. शबाना रडवेली झाली. "मॅडम, अख्खं चॅप्टर जाईल! कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"ताऱ्याच्या."

"तारा आहे कुठे, मॅडम?"

आत्या हसली; मग चिडली की यायची त्या गावच्या बोलीवर आली. "नाय ना ठाऊक? म्हनून तर खोटा नको."

तिनं चूक कळवून लेख मागे घेतला. शबाना आठवडाभर फिरकली नाही. मग एका दुपारी दारात उभी राहून म्हणाली, "तौबा, तुमच्यासारखी जिद्दी बाई पाहिली नाही. चला, नवीन बांधू." दोघी पुन्हा भिडल्या. नव्या ताऱ्यात केंद्रातले दाब जुळले. शेवटची कसोटी उरली होती: त्याला किंचित धक्का दिला तर तो थरथरून सावरतो की कोसळतो? ते गणित अर्ध्यावर असताना आत्या गेली.

उरलेलं शबानानं एकटीनं केलं. तिच्या हिशोबानं तारा सावरतो. पण प्रबंध द्यायला ती तयार नाही. म्हणते, "मॅडम असत्या तर भांडल्या असत्या. माझ्याशी कोण भांडणार?" आत्याच्या बैठकीच्या खोलीत एक भिंत फळ्यासारखी काळी रंगवलेली आहे. अर्ध्या भिंतीवर आत्याचं तिरकं अक्षर, पुढे शबानाचं सरळ. आम्ही ती पुसलेली नाही.

तुम्हाला समीकरणं सोडवता येत असतील, किंवा येणारं कुणी ओळखीचं असेल, तर करंजाड्याला या. चहा मी करते. शोकसभा नको, दोन शब्द नकोत. खडू घ्या आणि हा तारा मोडून दाखवा.