डावी पाकळी

घाटकोपरच्या डोंगराला टेकून दत्तारामची खोली आहे. मागची भिंत दोन पावसाळे फुगत चालली आहे, आणि दुपारी सगळं निवांत झालं की तिच्या आडून खडे ओघळल्याचा आवाज येतो.

दत्ताराम आमच्या गावचा गुरव. कौल लावायचा मान त्याच्या घराण्याचा. बाप गिरणीत आला तेव्हा देवळाच्या आवारातला एक दगड सोबत घेऊन आला. आज दत्ताराम सोसायटीत वॉचमन आहे, पण गावची मुंबईकर माणसं अजून त्याच्याच खोलीवर येतात. ओल्या दगडावर दोन पाकळ्या चिकटवायच्या, देवाला प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याच्या हातून खोटा कौल पडल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही.

त्याची लेक जान्हवी छापचित्रं शिकलेली. एम.एफ.ए.साठी तिला मुंबईतही प्रवेश मिळाला आणि बडोद्यातही. बडोद्याला दगडावरून छापायचं मोठं यंत्र आहे. ते पाहून आल्यापासून तिचा जीव तिकडे होता. पण मुंबई घेतली तर घरूनच जाता येणार, आणि त्या भिंतीखाली आईबापाला ठेवून तिचा पाय निघेना.

"हयच ऱ्हवांदे तिका," आई द्रौपदी म्हणाली. "बडोद्याचो दगड काय सोन्याचो आसा?"

"देवाक इचारुया," दत्ताराम म्हणाला.

रविवारी सकाळी त्यानं दगड धुतला, पाठमोरा बसून पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "चेडू बडोद्याक जावचा आसात तर उजवी दी रे महाराजा."

"होय महाराजा," द्रौपदी पुटपुटली.

उजवी लगेच पडली. इतक्या लवकर ती कधी पडत नाही. द्रौपदीनं डोळे पुसले, देवाला हात जोडले आणि हंडा घेऊन नळावर गेली.

दुपारी द्रौपदी पुन्हा नळावर गेली, तोवर दगड सुकला. सुकला की उरलेली पाकळी आपली आपण गळते. डावी गळेना. दगडावरून छापायचं तर दगड पाणी कुठं धरतो आणि कुठं सोडतो हे कळावं लागतं, आणि जान्हवी तेच शिकली होती. तिनं नखानं पाकळी उचलली. खाली चुरडलेलं भाताचं शीत.

"बाबा, देवाला फसवलंत?"

"फसवलं कुठे? त्याला विचारलंच नाही. सांगितलं."

"मग आपण सगळेच इथून जाऊ, हे पण सांगा ना."

दत्तारामनं भिंतीकडे पाहिलं. "ते शिमग्याला विचारलं होतं," तो म्हणाला. "खरोखर विचारलं. तुझ्या आईसमोर. डावी पडली."

"म्हणून राहणार?"

"आम्हाला त्यानं सांगितलंय. तुझं मी त्याला विचारणार नाही."

बाहेर हंडा टेकल्याचा आवाज आला. जान्हवीनं घाईनं पाकळी त्याच शितावर परत दाबली आणि बडोद्याचा प्रवेश पक्का करायला फोन उचलला. भिंतीआड खडे ओघळले. दत्तारामनं मान वळवली नाही.