समुद्राचा दाब कमी झाला

"समुद्राचा दाब कमी झालाय, पहिल्या गाडीने ये," हा अक्काचा निरोप शाळेच्या फोनवर आला आणि आमच्या शिपायाने तो भर वर्गात मोठ्यांदा सांगितला. पोरं फिदीफिदी हसली. मी भूगोलाचा मास्तर, फळ्यावर चक्रीवादळं काढून काढून खडू झिजवलेला माणूस, पण क्षणभर मलाही काही उमजेना. मग दिनेश आठवला आणि मी खडू तिथेच टाकला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती शिंदखेड्याला असते. दिनेश तिचा एकुलता एक मुलगा. त्यांच्या गावची बुराई नदी वर्षातले बरेच महिने कोरडीठाक, पण या पठ्ठ्याने नोकरी धरली ती मालवाहू जहाजावर, भटारखान्यात. दिवाळीचा फराळ घेऊन गेला तो गेलाच. सकाळी रेडिओवर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आणि वादळ असं काहीतरी सांगितलं होतं. घाईत मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

जळगावहून सुरत पॅसेंजर धरली. आभाळ लख्ख, ऊन चटचटणारं. धरणगाव गेलं, अमळनेरला गरम भजी घेतली. शेतांत कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या. वादळाची कुठे नावनिशाणी नाही. आपण नक्की कशासाठी चाललोय, हेच मला समजेनासं झालं. समोर नंदुरबारकडचे एक मिरचीवाले आबा बसले होते. मी मास्तर आहे कळताच ते सरसावून बसले.

"मास्तर, ते वादळ अठे येई का? मनी बठ्ठी मिरची उघड्यावर पडेल शे." (इथे येईल का? माझी सगळी मिरची उघड्यावर पडली आहे.)

"छे हो आबा! वादळ जमिनीवर आलं की मरतं. पुस्तकातच आहे तसं."

आबांनी समाधानाने विडी पेटवली. बेटावदच्या पुढे खिडकीतून वारा आला. तो ओलसर होता. नोव्हेंबरात खान्देशात ओला वारा? मला भास झाला असेल म्हणून मी भजी संपवली.

शिंदखेड्याला उतरलो तर अक्का ओसरीवर रेडिओ मांडीवर घेऊन बसलेली. मला पाण्याचंही विचारलं नाही.

"भाऊ, समुद्रले कमी दाब कसा काय व्हस? माले डॉक्टर मीठ-साखरनं पानी पेवाले सांगस. तठे तर बठ्ठं मीठच शे!"

(तिला स्वतःला रक्तदाब कमी होण्याचा त्रास. चक्कर आली की मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, हे तिला ठाऊक. पण तिथे तर सगळं मीठच आहे, तरी दाब कमी कसा, हा तिचा सवाल.)

मी हसणार होतो, पण तिचे डोळे पाहून हसलो नाही. मग कोळसा घेऊन फरशीवर समुद्र काढला, बाण काढले, हवा तापते, वर जाते, भोवताली वारा फिरतो, सगळं सांगितलं.

"म्हनजे मना दिनेश बुडी का नही, इतलंच सांग."

आता काय सांगू, कप्पाळ! त्याचं जहाज नकाशावर कुठे आहे ते मला ठाऊक नाही आणि खरा समुद्र तर मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पण मुलूखभर नातेवाइकांत समुद्राचा जाणकार म्हणून माझंच नाव.

जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) होती. अक्काचं भरीत म्हणजे बोटं चाटत राहावं असं, पण त्या दिवशी ते तिच्याच्याने गिळवेना. मी मात्र तीन भाकऱ्या खाल्ल्या, लाज वाटत होती तरी खाल्ल्या. पुन्हा बातम्या लागल्या. वादळ किनाऱ्याकडे सरकतंय, म्हणाले. ही बातमी चांगली की वाईट, यावर आमचा दोघांचा वाद झाला. मी म्हटलं, समुद्रातून निघालं म्हणजे चांगली. ती म्हणाली, निघून जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला उत्तर मिळालं. पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं, धूळ उठली, आणि वारा असा घुसला की आम्ही दोघं खांबाला धरून उभे राहिलो. डोक्यावरचे पत्रे खडाखडा वाजले नि बघता बघता उडाले. मग पाऊस. भांडी, गोधड्या, रेडिओ, कोळशाने काढलेला माझा अरबी समुद्र, सगळं एक झालं. पुस्तकाप्रमाणे जे वादळ मरायला हवं होतं, ते मरायला आमच्याच घरात आलं होतं. मी जाम घाबरलो होतो. अक्का एकच म्हणत होती, "अठे असं, तं तठे कसं व्हई?"

सकाळी शेजारचे नाना धावत आले. त्यांच्या धान्याच्या दुकानात फोन आहे. "अक्का, दिनेशना फोन शे!"

अक्का अनवाणी पळाली. मी मागे. दिनेश इतका ओरडून बोलत होता की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"माय, जहाज बंदरले लागनं. आम्ही बठ्ठा सुखरूप शेतस. पन वादळ तुमनाकडे ऊनं म्हने! घर शाबूत शे ना?" (वादळ तुमच्याकडे आलं म्हणे!)

अक्काच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. "बठ्ठं चांगलं शे, बेटा. तुन्हाकडे?"

"अठे बी बठ्ठं चांगलं शे. ऊन पडेल शे."

मी फोन घेतला. मागे केवढी तरी घरघर चालली होती. "अरे, हा आवाज कसला?"

"लाइन खराब शे, मामा."

असेल. खवळलेला समुद्र कसा वाजतो हे मी कधी ऐकलेलंच नव्हतं, मग वाद काय घालणार?

परतताना मी अक्कावर चिडलो. "डोक्यावर पत्रा नाही, आणि खोटं कशाला बोललीस?"

"तो पानीम्हा शे, त्याले घरनं वझं कशाले?" (घराचं ओझं कशाला?) मग थांबून म्हणाली, "तो बी खोटंच बोलना."

"कशावरून?"

"मनाच पोऱ्या शे ना तो!"

आणि ती रडली. पोटभर रडली. त्यानंतर पदर खोचून नानांच्या शेताकडे पत्रे शोधायला निघाली.

पत्रे ठोकून झाल्यावर मी जळगावची गाडी धरली. मिरचीवाले आबा भेटतील या भीतीने आधी डब्यात डोकावून घेतलं. बाहेर कापूस भिजून काळवंडला होता आणि वर पुन्हा तेच लख्ख आभाळ, काही झालंच नाही असं. मी वर्षानुवर्षं समुद्र आणि जमीन वेगवेगळ्या धड्यांत शिकवत आलो. आता पोरांना काय शिकवायचं, ते काही केल्या सुचेना.

घरी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. "कसं आहे सगळं तिकडे?"

"बठ्ठं चांगलं शे," मी म्हटलं.

तीही खान्देशातलीच. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "मंग उडनं काय काय?"