कारणाचा रकाना

“आत येऊ नको. तिथूनच सांग, मी टाइप करतो.”

साहेब असं म्हणाले तेव्हा माझा एक पाय खोलीच्या आत होता. मी तो मागे घेतला. अजून आठवलं की डोकं सणकतं. त्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त. निमूट मागे घेतला ना मी!

ऐरोलीतली मोठी सोसायटी. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. साहेब आमच्या क्लायंटचे मॅनेजर, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. तक्रार अशी, की घरचं मशीन ऑफिसशी जोडणारं व्हीपीएन कनेक्ट होतं, हिरवी खूण दिसते, पण ऑफिसच्या सर्व्हरवरची एक फाइल उघडेल तर शपथ. दार उघडल्या उघडल्या त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. “पूर्ण नाव?” आडनाव सांगितलं. “राहायला?” “दिघा.” एवढं पुरलं. कॉम्प्युटरच्या खोलीतच त्यांचं देवघर होतं. “आमच्याकडे सोवळं असतं, वाईट वाटून घेऊ नको,” म्हणाले.

गेल्या महिन्यात आमच्याच कंपनीतला एकजण प्रिंटर जोडायला त्याच खोलीत गेला होता. त्याचं आडनाव चालणारं. खुर्चीत बसून चहा प्याला, वर बेसनाचा लाडू. त्यानेच कौतुकाने सांगितलेलं. तेव्हा कुठे गेलं होतं सोवळं?

तर मी दारात उभा. पाठीला बॅग. कॉम्प्युटर आठ-दहा फुटांवर, स्क्रीन तिरकी, एक अक्षर दिसेना. साहेब वाचणार, मी ऐकणार. तरीपण रोग सापडला. कुठलं काय कुठल्या रस्त्याने जाणार ते ठरवणाऱ्या राउटिंगच्या यादीत कुणीतरी कधीतरी घातलेली एक जुनी ओळ राहून गेली होती. तिच्यामुळे ऑफिसकडे जाणारं सगळं व्हीपीएनमधून जायच्या ऐवजी घरच्या राउटरवर जाऊन अडकत होतं. तेवढी ओळ पुसली की झालं. मी खुर्चीत असतो तर पाच मिनिटं लागली असती. दारातून एक तास झाला होता.

“साहेब, वरून पाचवी ओळ. पत्त्याचे आकडे आधी मला वाचून दाखवा, मग एंटर.”

“कळतं मला.”

कळत नव्हतं. पुसायच्या कमांडमध्ये पहिल्याच ओळीचा पत्ता टाकला. “थांबा, थांबा!” म्हणेपर्यंत एंटर दाबून मोकळे. पहिली ओळ म्हणजे घरातून बाहेर जायचा मुख्य रस्ता. व्हीपीएन गेलं, इंटरनेटपण गेलं. दहा मिनिटांत त्यांची मीटिंग.

“नीट सांगता येत नाही तुला! सवलतीत पास व्हायचं नि आमच्या घरी यायचं.”

त्यांनी माझ्या बॉसला फोन लावला, माझ्यासमोर वाट्टेल ते बोलले, मग फोन स्पीकरवर टाकून माझ्याकडे धरला. लांबूनच. बॉस म्हणाला, “सॉरी बोलून टाक ना यार. रिपोर्टवर कारण लिही, इंजिनिअरची चूक. सही घे नि निघ. महिनाअखेरीला तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, विसरू नको.”

विसरतो कसला? घरात माझा एकट्याचा पगार. मी बॅगेतून रिपोर्टबुक काढलं. भिंतीला टेकवून पेन उघडलं. ‘कारण’ असा रकाना असतो त्यात.

आणि आई आठवली. लातूरकडून आलेली माझी आई, अशाच फ्लॅटांत भांडी घासायची. तिचा कप वेगळा, गॅलरीच्या ग्रिलवर पालथा घातलेला. मला म्हणायची, “तू शिक रे बाबा. शिकल्यावर कोन अडवनार हाय तुला?” शिकलो की! डिप्लोमा केला, नेटवर्किंगचा कोर्स केला. च्यायला, आई निदान मोरीपर्यंत आत जायची. मी इंजिनिअर होऊन दारात.

तिथे माझं सोसणं सरलं.

“साहेब, मी सॉरी बोलणार नाही. खुर्ची द्या, पाच मिनिटांत चालू करून देतो.”

“या खोलीत नाही म्हटलं ना!”

“मग मी निघतो.”

मी कारणाच्या रकान्यात लिहायला घेतलं. अक्षर सरळ आलं. ‘इंजिनिअरला जातीमुळे खोलीत येऊ दिलं नाही. चुकीची कमांड ग्राहकाने स्वतः दिली. काम अपूर्ण.’ खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. साहेबांनी वाचलं, चेहरा उतरला, सही केली नाही. त्यांची कॉपी मी चपलांच्या रॅकवर ठेवली.

बॉसने दोनदा बोलावलं. “तेवढा जातीचा शब्द खोड, बाकी मी सांभाळतो.” मी खोडला नाही. कॉन्ट्रॅक्ट गेलं.

आता रबाळ्यात एका दुकानात निम्म्या पगारावर मशिनी दुरुस्त करतो. तरी घरी बोलावणारे असतातच. फोनवरच विचारून घेतो, कॉम्प्युटरसमोर मला बसायला देणार ना? गप्प राहिले तर जात नाही. मशीन बंद पडलंय ना? पडू दे. दारात उभं राहून मी पुन्हा एक आकडा सांगणार नाही.