गाळ दीड फूट

त्याला सगळे ‘कशावरून’ म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. कोणी म्हणावं, आज उकडतंय, तर हा विचारणार, कशावरून? कोणी म्हणावं, तुमच्या शेजाऱ्याला मुलगा झाला, तरी तेच. त्यावर मुकादम एकदा म्हणाला होता, “नर्सने सांगितलं बाबा, मी जाऊन बघितलं नाही,” आणि अख्खं खातं दोन दिवस हसत होतं.

घरीही काही वेगळं नव्हतं. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन बघायचं, औषधाच्या दुकानातून आलेल्या गोळ्यांची तारीख भिंगातून वाचायची, घड्याळात किती वाजले ते दुसऱ्या घड्याळात जाऊन बघायचं. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमचं लग्न ठरलं ना, तर हे माझ्या शाळेत जाऊन माझी जन्मतारीख तपासून आले होते. एक दिवसाचा फरक निघाला. त्यावरून अजून माझ्याकडे संशयाने बघतात.”

नोकरी शहराच्या कत्तलखान्यात. पण सुरीशी त्याचा काही संबंध नाही. मागच्या भिंतीपलीकडे एक लांबट टाकी आहे, दहा फूट खोल. आत जनावरं कापली की त्यांचं रक्त, पोटातला चोथा, चरबी आणि फरशा धुतलेलं पाणी, सगळं या टाकीत येतं. पाणी तिथे निवांत पडून राहतं, जड ते तळाला बसतं आणि वरचं निवळलेलं पाणी पलीकडच्या टोकाच्या कठड्यावरून हळूहळू पुढे जातं. तिथे एका लहान टाकीत त्याला हवा देतात आणि मग ओढ्यात सोडतात. तळाचा गाळ तीन फूट झाला की टाकी उपसायची. तो किती झाला हे सांगणं, एवढंच याचं काम. काम छोटं वाटतं, पण त्यावर बाकी सगळं अवलंबून.

त्यासाठी बारा फुटी काठी होती. तिच्या खालच्या आठ फुटांना पांढरं टॉवेलचं कापड घट्ट गुंडाळलेलं. रोज सकाळी आठला, जिथून पाणी आत येतं त्या तोंडापाशी लोखंडी जिन्यावर उभं राहायचं, काठी सरळ तळापर्यंत सोडायची, हलवायची नाही, शंभर आकडे म्हणायचे आणि वर काढायची. कापड जिथवर काळं, तिथवर गाळ. टेप लावून मोजायचं आणि वहीत लिहायचं. गेली काही वर्षं आकडा दीड फुटाच्या आसपासच राही. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. आजारी असला तर रिक्षा करून यायचा, कारण दुसरा माणूस शंभरऐवजी सत्तरच म्हणेल अशी त्याची खात्री होती.

जगातल्या एकाच गोष्टीवर त्याचा विश्वास होता, त्याच्या स्वतःच्या काठीवर.

म्हणून तर लेकीला त्याने शब्द दिला. ओढ्याच्या खालच्या अंगाला, पूर्वी जिथे गुरांचा चारा पिकायचा तिथे आता वसाहत झाली होती. शहर फुगत चाललं होतं, माणसं कुठे मावेनात. लेक आणि जावई तिथे जागा घ्यायला निघाले तेव्हा तिने विचारलं, “बाबा, ओढा तुमच्याकडूनच येतो. विहीर त्याला लागून आहे. घेऊ का?”

“माझ्या नजरेखालून गेलेलं पाणी आहे ते,” तो म्हणाला. “निर्धास्त घे.”

बायको शेजारीच भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. या माणसाच्या तोंडून निर्धास्त हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता.

पुढे नातू झाला. लेकीला दूध कमी पडलं, म्हणून पावडरचं दूध सुरू केलं. तिसऱ्या महिन्यात पोर मलूल दिसायला लागलं आणि ओठांच्या कडा निळसर झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचा केला. लेक म्हणाली, “उकळून देते की.” डॉक्टर म्हणाले, उकळून जंतू मरतात, घाणीतून पाण्यात उतरलेलं नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतंच. विहीर बंद करा, टँकरचं पाणी द्या. उपचार झाले, चारपाच दिवसांत पोर हसायला लागलं. पण विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला, त्यात नायट्रेट मर्यादेच्या दुपटीवर होतं.

लेकीचा फोन आला. “बाबा, हे कुठून येतंय?”

“शोधतो,” तो म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता त्याच्या डोक्यात गुन्हेगार ठरलासुद्धा.

सहा महिन्यांपूर्वी कत्तलखान्यावर एक इंजिनीअरबाई आल्या होत्या. तिशीच्या आतल्या, हातात सदा पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. त्या मांस खात नाहीत हे पहिल्याच दिवशी डब्यावरून सगळ्यांना कळलं. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की एक किलो मांसामागे हजारो लिटर पाणी लागतं, चारा पिकवायला लागतं ते धरून. जनावराला घालतो तेवढ्या धान्यावर कितीतरी माणसं जेवतील.

“म्हणजे आम्ही घरी बसायचं का, मॅडम?” मुकादमाने विचारलं.

“मी तसं कुठे म्हणाले? शहर दुप्पट झालं, कत्तल त्याच्याही वर गेली, कारण लोकांचं खाणं वाढलंय. टाकी मात्र तेवढीच आहे. मला तेवढंच म्हणायचंय.”

‘कशावरून’ने त्या दिवशी मुद्दाम काही विचारलं नाही. मनात ठेवलं. आता त्याने त्याची सांगड घातली. बाईंना कत्तलखाना बंद पाडायचाय. टाकीला वळसा घालून थेट ओढ्यात जाणारा एक जुना पाइप होता, दुरुस्तीच्या वेळी वापरायचा. त्याचं चाक फिरवलं की घाण सरळ ओढ्यात. बाई गुपचूप ते चाक फिरवतात, ओढा नासवतात, मग अहवाल लिहितात, बघा किती घाण. सगळं कसं चपखल बसत होतं. त्याच्या संशयात आजवर तर्काची चूक कधी निघाली नव्हती.

त्याने चाकाला काळा दोरा बांधला. कोणी चाक हलवलं तर दोरा तुटणार. आठ दिवस रोज तीनतीनदा जाऊन बघितलं. दोरा जसाच्या तसा, आणि ओढ्याच्या पाण्यावर घाणीचा फेस मात्र रोजच.

“तुटला नाही म्हणजे कोणी फिरवलं नाही,” मुकादम म्हणाला. “सुटलात.”

“गाठ माझीच कशावरून? तोडून परत बांधली असेल.”

“मग गाठीवर सही करा आता.”

“थट्टा करू नका. आत एखादा चोरपाइप असणार. पलीकडच्या टोकाला. तिकडे कोण बघतं?”

“तुम्ही नाही बघत?”

“मी कशाला बघू? मोजायची जागा इकडे आहे.”

मुकादमाने खांदे उडवले आणि जनावरांची मोजदाद करायला निघून गेला.

दुपारी आतलं काम थांबलं तेव्हा ‘कशावरून’ काठी घेऊन पलीकडच्या टोकाला गेला. कठड्यावर पालथा पडला आणि भिंतीलगत काठी खाली सोडली. पाइपचं तोंड चाचपायचं होतं. काठी थोडी गेली आणि मऊशार काहीतरी लागलं. त्याने जोर दिला. काठी तुपात शिरावी तशी शिरत गेली. पाइप काही लागला नाही. त्याने काठी वर ओढली.

कापड काळं होतं. फूट, दोन फूट, चार फूट. त्याने टेप लावला. सात फूट आणि वर दोन बोटं.

दहा फुटांच्या टाकीत वर जेमतेम तीन फूट पाणी उरलं होतं. निवळायला जागाच नव्हती. गाळ रोज कठड्यावरून उसळून पुढे जात होता, हवेच्या टाकीला न जुमानता ओढ्यात, आणि ओढ्यातून झिरपत विहिरीत. वळशाच्या पाइपला कोणीही हात लावलेला नव्हता.

काठी घेऊन तो तिथेच बसला. जवळच नळ होता. कापड धुवायला पाच मिनिटं लागली असती. आसपास कोणी नव्हतं. निवृत्तीला सात महिने होते आणि वहीत बावीस वर्षं होती. उद्या सकाळी पुन्हा जिन्यावरून काठी सोडली असती, तर दीड फूटच लिहावं लागलं असतं, आणि ते खोटंही नसतं. तेवढ्या जागेपुरतं खरंच.

पण पोराचे ओठ त्याने पाहिले होते.

काठी खांद्यावर घेऊन, फरशीवर काळे थेंब सांडत तो इंजिनीअरबाईंच्या टेबलापाशी गेला. “सात फूट,” म्हणाला. “बाहेरच्या टोकाला.”

बाईंनी आधी कापड पाहिलं, मग त्याच्याकडे. “आणि तुम्ही रोज मोजता कुठे?”

“जिन्याजवळ. पाणी आत पडतं तिथे. गाळ पहिला तिथेच बसायचा.”

“बसायचा. पाणी कमी होतं तेव्हा. आता दुपटीवर पाणी येतं, त्याची धार तिथला गाळ उकरून पुढे ढकलते. काका, तुम्ही नेमकी टाकीतली एकच स्वच्छ जागा मोजत होता.”

त्याने काठीवरचं काळं कापड पुन्हा एकदा बघितलं.

“मी दोनदा वर लिहिलं, टाकी उपसा म्हणून. वरून विचारलं, गाळ किती आहे? मी तुमची वही पाठवली. दीड फुटाला टाकी कोण उपसणार?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “खरं सांगा. कमी लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

आजवर त्याने शेकडो माणसांना असाच संशयाने प्रश्न विचारला होता. तो असा लागतो हे त्याला माहीत नव्हतं.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “अक्कल माझीच.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. कागद ओढून त्यांनी लिहायला घेतलं आणि त्याला खाली सही करायला लावली.

टाकी उपसायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस कत्तल बंद आणि दुकानांत मटण नाही. खाटीक चिडले, गिऱ्हाईक चिडलं. बाजारात बोलणं एकच, त्या पालेभाजी खाणाऱ्या बाईनेच हे केलं. मुकादमही त्यातलाच.

“काठी माझी होती,” ‘कशावरून’ने त्याला सांगितलं.

“तुम्ही कशाला अंगावर घेता? सहीच केलीत ना नुसती?”

“काठी माझी, जागा माझी, आकडा माझा. बाईंचा फक्त कागद.”

“बरं, आता टाकी झाली रिकामी. प्रश्न मिटला.”

“किती दिवस? दिवसाला जनावरं किती येतात ते तुम्हीच मोजता.”



टाकी रिकामी झाल्यावरही लेकीकडे जायला त्याने चार दिवस टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी बायकोने पिशवी हातात दिली आणि म्हणाली, “मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा.” वाटेत त्याने बाईंचं एक वाक्य घोकून ठेवलं होतं, की विहिरीतलं सगळं तुमच्याच टाकीचं नसेल, वरच्या शेतांतल्या खतांचंही असेल. लेक दारात दिसली, तिच्या कडेवर पोर होतं, आणि ते वाक्य त्याने गिळलं.

सगळं सांगितलं. जिना, धार, सात फूट.

लेकीने ऐकून घेतलं. पोराला जावयाकडे दिलं. मग विचारलं, “किती वर्षं असं चाललं होतं?”

“माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मी बघितलंच नाही तिकडे.”

“मी तुमच्या शब्दावर इथे घर बांधलं, बाबा.”

“हो.”

ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग थांबला. जावई उगाच पोराचं टोपडं नीट करत बसला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आता टाकी साफ झाली म्हणता. मग विहीर कधी चांगली होईल? ते तरी सांगा.”

जिभेवर अंदाज आला होता. सहा महिने, वर्ष. त्याने तो बाहेर काढला नाही.

“दर महिन्याला तपासून घे,” तो म्हणाला. “कागद हातात आल्याशिवाय पोराला थेंब देऊ नकोस. आणि माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस.”

“नाहीच ठेवत,” ती म्हणाली, आणि धुऊन आणलेल्या दोन रिकाम्या बाटल्या तिने त्याच्यापुढे ठेवल्या. “चला विहिरीवर. नमुना मी भरणार. तुम्ही नुसतं नीट भरते की नाही ते बघा.”